विमानाच्या रेडिओतली तडतड: इंजिनाच्या ठिणगीचा माग कसा काढायचा

ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीच्या बातम्या लागलेल्या असायच्या आणि दारावरून एखादी लूना गेली की निवेदकाचं अर्धं वाक्य तड-तड-तड मध्ये बुडून जायचं. लूना लांब गेली की आवाज पुन्हा साफ. दोन आसनी विमानात ही लूना रेडिओपासून जेमतेम दीड मीटरवर, फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) पलीकडे बसवलेली असते. ती लांब जात नाही, आणि बुडणारं वाक्य बातम्यांचं नसून कंट्रोल टॉवरचं असतं.

इथे दोन प्रकारची इंजिनं डोळ्यांसमोर आहेत. एक म्हणजे सेस्ना १५२, १७२ यांसारख्या प्रशिक्षण विमानांतलं, मॅग्नेटोवर (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्रावर) चालणारं लायकमिंग. दुसरं रोटॅक्स ९१२ घराणं, जे मायक्रोलाइटमध्ये आणि नव्या हलक्या विमानांत दिसतं. बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेच्या ‘हंसा’ची नवी आवृत्तीही याच घराण्यातल्या इंजिनावर उडते. दुखणं एकच, पण औषधं बरीच वेगळी. मात्र दोन्हीकडे एक चूक सारखीच होते: खरखर ऐकू आली की आधी फिल्टर विकत आणला जातो. दोष बहुधा एखाद्या सैल नटात, गंजलेल्या अर्थमध्ये (विमानाच्या धातूच्या सांगाड्याशी असलेल्या विजेच्या जोडात) किंवा वायरीवरच्या तुटलेल्या जाळीत असतो. तो तसाच ठेवून फिल्टर लावणं म्हणजे गळक्या कौलाखाली बादली ठेवणं.

ठिणगी म्हणजे ट्रान्समीटरच

हाइनरिश हर्ट्झने १८८७ च्या सुमारास प्रयोगशाळेत रेडिओ लहरी निर्माण केल्या, त्या दोन टोकांमधल्या फटीत ठिणगी पाडूनच. स्पार्क प्लग तेच करतो. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीतली दाबलेली हवा काही हजार व्होल्टला फुटते आणि प्रवाह काही नॅनोसेकंदांत शून्यावरून उसळतो. इतक्या झटक्यात बदलणारा प्रवाह एकाच वारंवारितेवर राहत नाही. मीडियम वेव्हपासून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत तो सगळीकडे थोडा थोडा सांडतो.

सांडलेली ऊर्जा बाहेर फेकायला अँटेना लागते, आणि तीही आयती मिळते. विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्याच्या मध्यावर तरंगलांबी साधारण २.३५ मीटर, म्हणजे पाव तरंगलांबी सुमारे ५९ सेंटीमीटर. मॅग्नेटोपासून प्लगपर्यंत जाणारी वायर किती लांब असते? साधारण तेवढीच. कुणी मुद्दाम मापून अँटेना बसवावी तशी. चार सिलिंडरच्या इंजिनावर अशा आठ.

त्यात विमानाचा रेडिओ एएम पद्धतीचा. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत साठवलेला असतो, आणि ठिणगीचा झटका नेमकी ती उंचीच बिघडवतो. एफएम संच असले झटके बऱ्याच अंशी कापून टाकतो. तरीही विमानवाहतूक एएमलाच चिकटून आहे, त्याला कारण आहे. दोन वैमानिक एकाच वेळी बोलले तर एएमवर शिट्टीसारखा आवाज येतो आणि दोघं एकमेकांवर चढले हे कंट्रोलरला कळतं. एफएमवर जोरकस सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

(१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथमध्ये रेडिओच नव्हता. मॅग्नेटो होते, ठिणग्या होत्या, तडतडही असणारच. ऐकणारं कुणी नव्हतं एवढंच.)

खरखरीचा त्रास नुसता कानाला नाही. स्क्वेल्च (सिग्नल नसताना संचाची खरखर दाबून ठेवणारी सोय) सतत उघडतो म्हणून वैमानिक त्याची पातळी वर नेतो, आणि मग लांबच्या स्टेशनचा क्षीण आवाज संच आतच अडवतो. जवळचा टॉवर नीट ऐकू येतो, त्यामुळे रेडिओ उत्तम चालला आहे असं वाटत राहतं. ऐकण्याचं अंतर मात्र निम्म्यावर आलेलं असू शकतं.

आधी कान, मग मीटर

इंजिन बंद, मास्टर स्विच चालू, रेडिओ चालू, स्क्वेल्च पूर्ण उघडा. जी एकसारखी सूं सूं ऐकू येते ती संचाची स्वतःची. ती कानात बसवून घ्या, कारण पुढची तुलना तिच्याशी करायची आहे. आता फ्युएल पंप, दिवे, स्ट्रोब, ट्रान्सपाँडर एकेक करून चालू करा. इथेच खरखर सुरू झाली तर इंजिनाचा काही संबंध नाही.

मग इंजिन सुरू करून १,००० आरपीएमवर ठेवा. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोन ठिणग्या मागतं, म्हणजे एका मॅग्नेटोकडून सेकंदाला सुमारे ३३. हा फरफर असा सलग आवाज असतो. २,४०० आरपीएमला त्या ८० होतात आणि आवाज गुणगुणण्याकडे झुकतो. पण दोष एकाच प्लगच्या वायरीत असेल तर १,००० आरपीएमला सेकंदाला फक्त आठ टिचक्या येतात, कारण एका सिलिंडरला दोन फेऱ्यांमागे एकच ठिणगी. टक-टक-टक अशी ती लय सरावलेल्या कानाला वेगळी कळते. सलग फरफर असेल तर संशय मॅग्नेटो, त्याचा अर्थ किंवा पी-लीडवर (मॅग्नेटोपासून किल्लीच्या स्विचकडे जाणाऱ्या, त्याला बंद करणाऱ्या वायरीवर). विरळ टिचक्या असतील तर एखाद्या वायरीवर किंवा प्लगवर.

अल्टरनेटरचा आवाज यांपैकी कशातच बसत नाही. ती उंच, बारीक शीळ असते आणि थ्रॉटलबरोबर चढते-उतरते. सहा ध्रुवजोड्यांच्या अल्टरनेटरमधून एका फेऱ्यात ३६ लाटा येतात. तो सेकंदाला १२० फेरे घेत असेल तर शीळ ४,३२० हर्ट्झची. अल्टरनेटरचा स्विच क्षणभर बंद करा. शीळ थांबली तर चोर सापडला, आणि ठिणगीवर वेळ घालवायची गरज उरली नाही.

आता किल्ली डावीकडे, मग उजवीकडे. किल्ली ‘लेफ्ट’वर असताना उजव्या मॅग्नेटोची प्राथमिक गुंडाळी अर्थला जोडली जाते आणि तो ठिणगी देणं थांबवतो. ‘लेफ्ट’वर आवाज गेला तर दोषी उजवा. रोजच्या मॅग तपासणीतच हे उरकतं. फक्त त्या वेळी आरपीएमच्या काट्याबरोबर हेडफोनकडेही लक्ष हवं.

तडतड कोणत्या वाटेने येते

कोण आवाज करतंय हे कळलं. तो रेडिओत कुठून शिरतो हा प्रश्न वेगळा, आणि हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. वाटा तीन: हवेतून अँटेनाला, विजेच्या वायरीतून, किंवा हेडफोन-मायक्रोफोनच्या वायरीतून.

रेडिओच्या मागची अँटेनाची केबल काढा आणि त्या जागी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावा. या अवस्थेत बोलण्याचं बटण दाबायचं नाही. नुसतं उघडं सॉकेट ठेवून प्रसारण केलं तर संचाचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. इंजिन चालू असताना तडतड नाहीशी झाली तर ती अँटेनातून येत होती. तशीच राहिली तर वायरीतून.

वायरीतून येत असेल तर रेडिओला तात्पुरती वेगळी १२ व्होल्टची छोटी सीलबंद बॅटरी जोडून पाहायचं, धन आणि ऋण दोन्ही वायरी विमानापासून सोडवून. (२८ व्होल्टच्या विमानात त्या व्होल्टेजची.) आवाज गेला तर वाट विजेच्या वायरीची. अजूनही असेल आणि रेडिओचा आवाज पूर्ण कमी केला तरी कानात येतच असेल, तर तो संचात शिरतच नाहीये. इंटरकॉम किंवा हेडफोनच्या जॅकमधून थेट घुसतोय.

स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, हवाई पट्टा ऐकणारा छोटा संच इथे फार कामाचा. कॉकपिटमध्ये बसून तो पॅनलच्या मागे, फायरवॉलच्या भोकांजवळ, किल्लीच्या स्विचजवळ फिरवा. तडतड जिथे वाढते ती वायर. भारतात हवाई पट्ट्यावर प्रसारण करणारा हातसंच परवान्याशिवाय बाळगता येत नाही, पण शोधासाठी नुसता ऐकणारा संच पुरतो. मीडियम वेव्हचा साधा ट्रान्झिस्टरही ढोबळ दिशा दाखवतो. हे सगळं आत बसूनच करायचं: चाकांना अडण्या, ब्रेकवर माणूस, काउलिंग (इंजिनावरचं झाकण) बंद. चालत्या प्रॉपेलरजवळ संच धरून वायर हुंगायला जाणं हा वेडेपणा आहे.

पी-लीड

मॅग्नेटोच्या विमानात पहिली शंका घ्यायची ती पी-लीडची. मॅग्नेटो बंद करण्यासाठी त्याची प्राथमिक गुंडाळी किल्लीच्या स्विचमार्गे अर्थला जोडणारी ही वायर. तिच्यात हजारो व्होल्ट नसतात, त्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. पण मॅग्नेटोतले पॉइंट्स (प्रवाह तोडणारे संपर्क) उघडतात तेव्हा त्या गुंडाळीत काही शे व्होल्टचा धक्का उठतो आणि ही वायर तो धक्का फायरवॉलमधून आत, थेट रेडिओच्या पाठीमागे आणून सोडते. इंजिनाच्या बाजूला कितीही बंदोबस्त केला तरी पॅनलमागे उघडी पी-लीड असेल तर सगळं पाण्यात.

म्हणून तिच्यावर तांब्याच्या जाळीचं आवरण हवंच. जाळी मॅग्नेटोच्या शरीराला जोडलेली हवी. स्विचच्या टोकाला तिचं काय करायचं यावर मतं आहेत. हौशी बांधणीच्या विमानांत रूढ झालेली चांगली पद्धत अशी: स्विचच्या टोकाला जाळी फक्त स्विचच्या अर्थच्या टोकाला जोडायची, तिथे विमानाच्या सांगाड्याला नाही. मॅग्नेटोचा प्रवाह मधल्या तारेने येतो आणि जाळीने परत मॅग्नेटोकडेच जातो. स्टार्टर आणि दिव्यांचे प्रवाह त्यात मिसळत नाहीत. कारखान्यात बनलेल्या विमानात मात्र निर्मात्याचा वायरिंगचा नकाशा म्हणेल तसंच.

जाळीचं टोक जोडताना एक बारकी चूक हमखास होते. जाळी पिळून पाच-सात सेंटीमीटरची शेपटी करतात आणि तिला लग (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) मारतात. दिसायला नीटनेटकं. पण सरळ तारेच्या दर मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. ५० मिलिमीटरची शेपटी १२५ मेगाहर्ट्झला जवळजवळ ४० ओहमचा अडथळा बनते. मल्टिमीटर ‘अर्थ उत्तम’ म्हणतो, कारण तो डीसी मोजतो. तडतडीला मात्र अर्थ मिळतच नाही. शेपटी एक सेंटीमीटरच्या आसपास ठेवा, जमल्यास जाळी गोलाकार पकडणारी फेरूल वापरा.

हाच हिशेब कपॅसिटरलाही लागू. ०.१ मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर पाच सेंटीमीटरच्या तारांवर लटकवला तर तो सव्वादोन मेगाहर्ट्झच्या वर कपॅसिटर राहतच नाही, कॉइलसारखा वागू लागतो. फीड-थ्रू कपॅसिटर वापरतात तो यासाठी. त्यात वायर एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघते आणि कपॅसिटरचं धातूचं शरीर थेट पत्र्याला भिडतं. मधे लटकणारी तारच नाही.

मॅग्नेटोचा स्वतःचा कपॅसिटर वेगळा. तो पॉइंट्सचं जळणं थांबवतो आणि ठिणगीची ताकदही त्याच्या मापावर ठरते. तो खराब झाला तर पॉइंट्सवर खड्डे आणि टेंगळं दिसतात आणि रेडिओत तडतड वाढते. बदलायचा तर त्या मॅग्नेटोसाठी नेमून दिलेलाच. आवाज कमी व्हावा म्हणून त्याला समांतर दुसरा जोडू नये. आवाज कमी होईलही, पण ठिणगी मेली तर उपयोग काय?

आणि पी-लीडला हात लावताना हे पक्कं ध्यानात हवं की ती तुटली तर मॅग्नेटो बंद होत नाही, कायमचा चालू राहतो. किल्ली ‘ऑफ’ दाखवते, आणि हाताने प्रॉपेलर फिरवताच गरम इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. काम चालू असताना प्रॉपेलरला कुणी शिवायचं नाही, आणि प्लगच्या वायरी काढून ठेवलेल्या बऱ्या.

वायरी, प्लग आणि काउलिंग

लायकमिंगवरच्या प्लगच्या वायरी मुळातच जाळीच्या आवरणात येतात. प्लगही वरून धातूच्या नळकांड्यात बंद असतो. म्हणजे मॅग्नेटोपासून सिलिंडरच्या डोक्यापर्यंत धातूची एकसलग नळी, आणि ठिणगीचा सगळा खेळ तिच्या आत. नळीला कुठे फट पडली की तिथून आवाज गळतो. शोधायच्या जागा ठरलेल्या: प्लगवरचा नट, मॅग्नेटोच्या झाकणाजवळची फेरूल, आणि क्लँपखाली घासून तुटलेली जाळी. ही शेवटची वरून दिसत नाही. वायर हातात घेऊन हलक्या हाताने वाकवली की आत करकर जाणवते.

प्लगवरचा नट किती आवळायचा? पाच-अष्टमांश इंची, २४ आट्यांच्या नटाला ९० ते ९५ इंच-पौंड, तर पाऊण इंची, २० आट्यांच्या ‘ऑल वेदर’ नटाला ११० ते १२०. हाताच्या अंदाजाने आवळणारे दोन्हीकडे चुकतात. सैल राहिला तर जाळीचा जोड तुटतो, जास्त पिळला तर वायरच आतून फिरते आणि फेरूलपाशी मुरगळते. आवळताना दुसऱ्या पान्याने किंवा हाताने वायर धरून ठेवायची. प्लग स्वतः लायकमिंगमध्ये ४२० इंच-पौंडाला, दर वेळी चांगल्या तांब्याच्या वॉशरसह.

प्लगच्या नळकांड्यात शिरणारा स्प्रिंगचा तुकडा बोटांनी हाताळू नये. घामातला क्षार त्यावर बसतो आणि ओलाव्यात ठिणगी फटीऐवजी त्या क्षारावरून घसरत जाते. जुहूसारख्या समुद्राकाठच्या धावपट्टीवर, पावसाळ्यात, ‘काल ठीक होतं, आज तडतडतंय’ याचं हे एक नेहमीचं कारण. स्वच्छ कापड, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, पूर्ण वाळवणं, बस.

विमानाच्या बहुतेक प्लगमध्ये रेझिस्टर असतो. चॅम्पियनच्या आर-ई-एम-४०-ई मधला पहिला ‘आर’ तोच. तो नुसता रेडिओसाठी आहे असा समज आहे. प्रत्यक्षात जाळीच्या आवरणामुळे वायर स्वतःच एक लांबोडका कपॅसिटर बनते. मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर ६० सेंटीमीटरच्या वायरीत १५,००० व्होल्टला सुमारे ७ मिलिज्यूल ऊर्जा साठते, आणि फट फुटताच ती एका दणक्यात प्लगवर कोसळून टोकं झिजवते. रेझिस्टर हा दणका आवरतो आणि त्याबरोबर आवाजही. नव्या प्लगमध्ये तो साधारण हजार-दीड हजार ओहम असतो. नळकांड्याच्या तळाशी असलेल्या संपर्कापासून मधल्या टोकापर्यंत मोजा. ५,००० ओहमच्या वर गेलेला प्लग पुन्हा बसवू नये. त्याने तडतड कमी होईल असं वाटतं, पण आधी ठिणगी चुकायला लागते.

फटीचं मापही आवाजाशी जोडलेलं आहे. जाड टोकांच्या प्लगला ती ०.०१६ ते ०.०२१ इंच, म्हणजे ०.४ ते ०.५ मिलिमीटर. झिजून वाढली की ती फोडायला जास्त व्होल्ट लागतात. जास्त व्होल्ट म्हणजे जास्त जोराचा झटका आणि इन्सुलेशनवर जास्त ताण. महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेलेली तडतड बहुधा अशीच असते. एका दिवसात उगवली असेल तर काहीतरी तुटलंय किंवा सुटलंय.

काउलिंगही या नळीचाच बाहेरचा थर आहे. धातूचं असेल तर फायरवॉलशी त्याचा जोड पाहा. सांध्यात घासू नये म्हणून लावलेली पट्टी वीज वाहत नाही, आणि मीटर-सव्वा मीटर लांबीची अखंड फट विमानाच्या रेडिओ-पट्ट्यात अर्ध्या तरंगलांबीइतकी होते; अशी फट चक्क अँटेनासारखी वागते. दोन-तीन ठिकाणी छोट्या जाळीपट्ट्यांनी जोड दिला की फट लहान तुकड्यांत वाटली जाते. फायबरग्लासच्या काउलिंगला हे लागू नाही. तिथे सगळा भार वायरींच्या आवरणावरच.

इंजिनाचा अर्थ

इंजिन रबराच्या गुटक्यांवर तरंगत असतं. त्यामुळे इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी विणलेली पट्टी हाच एकमेव भरवशाचा पूल. ती सैल असेल तर स्टार्टरचा प्रवाह थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो, आणि तडतडीला परतीचा रस्ता उरत नाही. पट्टी चपटी, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, आणि जमेल तेवढी आखूड हवी. लांबी रुंदीच्या पाचपटीपेक्षा जास्त नको. गोल वायर जाड असली तरी या कामाला चपटीइतकी चांगली नाही, कारण उंच वारंवारितेचा प्रवाह पृष्ठभागावरूनच वाहतो.

अमेरिकी विमान-नियामक एफएएच्या दुरुस्ती-पुस्तिकेत, एसी ४३.१३-१बी मध्ये, अशा जोडाची मर्यादा ०.००३ ओहम दिली आहे. साध्या मल्टिमीटरने हे मोजता येत नाही. त्याच्या पिनांचाच रोध याच्या कितीतरी पट असतो. बेंचवरच्या पुरवठ्यातून जोडातून १० अँपिअर सोडा आणि जोडाच्या दोन बाजूंना, प्रवाहाच्या क्लिपांना न शिवता, मिलिव्होल्ट मोजा. ३० च्या आत असेल तर पास. नसेल तर जोड उघडा, रंग आणि ॲनोडायझिंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, लगेच आवळा आणि मग वरून सील करा. उलटा क्रम, म्हणजे आधी रंग आणि मग नट, हा हँगरमधला सनातन गुन्हा.

रोटॅक्सचं वेगळं

रोटॅक्स ९१२ ची मूळ रचना मोटारसायकलच्या वळणाची. मॅग्नेटोऐवजी दुहेरी कपॅसिटर डिस्चार्ज प्रणाली (कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज ठिणगीच्या क्षणी सोडणारी), आणि प्लगच्या वायरींवर जाळी नाही. इथे आवाज दाबण्याचं काम करते ती प्लगवरची टोपी: तिच्यात सुमारे ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो. वायरीची लांबी अँटेनाइतकी असली तरी रेझिस्टर ठिणगीच्या अगदी जवळ असल्याने उंच वारंवारितेचा प्रवाह वायरीत शिरण्याआधीच मंदावतो. टोपी वायरीवर आट्यांनी बसते. कंपनांनी हा जोड सैल होतो, आत एक छुपी दुसरी ठिणगी पडू लागते, आणि ती रेझिस्टरच्या चुकीच्या बाजूला असल्याने थेट वायरीत तडतडते. टोपी फिरवून काढा, वायरीचं टोक काळं पडलं असेल तर पाच मिलिमीटर कापून नव्याने बसवा, आणि आठही टोप्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहा. सातांमध्ये पाच किलोओहम आणि आठवीत हलवलं की बदलणारा आकडा, असं निघालं तर पुढे शोधायची गरज नाही.

रोटॅक्सच्या वायरींवर घरी जाळी चढवण्याचा मोह टाळावा. वर मांडलेला सात मिलिज्यूलचा हिशेब इथेही लागू पडतो: तेवढी ऊर्जा दर ठिणगीत वायर भरण्यातच जाते, आणि हे इंजिन त्या हिशेबाने बनवलेलं नाही. शिवाय जाळीची एखादी टोकदार तार इन्सुलेशनमध्ये रुतली तर तिथूनच गळती सुरू होते.

चार्जिंगच्या बाजूला रोटॅक्सच्या बसवणीच्या पुस्तिकेत किमान २२,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर सांगितलेला आहे. तो अनेकदा ‘नंतर बघू’ म्हणून राहतो किंवा वाळून मेलेला असतो. मग रेग्युलेटरची घरघर सगळ्या विमानभर फिरते आणि तिला ठिणगी समजून प्लग बदलले जातात. रेग्युलेटरचं शरीरही रंगावर नाही, उघड्या धातूवर बसलेलं हवं.

रेडिओच्या बाजूला

स्रोत गप्प केल्यावरही थोडी कुरकुर उरली तर मगच फेराइटचे मणी (वायरीवर ओवायचे, उंच वारंवारितेचा प्रवाह अडवणारे). विमानाच्या पट्ट्यासाठी ४३ क्रमांकाचं मिश्रण योग्य. रेडिओची धन आणि ऋण वायर दोन्ही एकत्र एकाच मण्यातून न्यायच्या, संचाच्या शक्य तितक्या जवळ. वायर मण्यातून दोनदा नेली तर अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो. मणी ठिसूळ असतो. उघडा लटकवला तर कंपनांनी फुटून तुकडे नको तिथे पडतात, म्हणून वरून श्रिंक ट्यूब आणि दोऱ्याचं बांधणं.

हेडफोन-मायक्रोफोनचे जॅक धातूच्या पॅनलवर थेट आवळले तर त्यांना दोन ठिकाणी अर्थ मिळतो, एक पॅनलमधून आणि एक वायरीच्या जाळीतून. या वेढ्यात अल्टरनेटरची शीळ हमखास शिरते. फायबरचे वॉशर लावून जॅक पॅनलपासून वेगळे करायचे आणि अर्थ फक्त ऑडिओच्या बाजूने द्यायचा. चार रुपयांचा वॉशर इथे महागड्या फिल्टरला हरवतो.

अँटेनाच्या केबलसाठी आरजी-४००, तिला दुहेरी जाळी असते. जुनी आरजी-५८ असेल तर आवरणातून गळती जास्त. ती केबल पी-लीडच्या जुडग्यात कधीच बांधायची नाही, ओलांडायचीच तर काटकोनात. अँटेनाच्या तळाखालचा पत्रा गंजला असेल तर केबलची बाहेरची जाळीच अँटेना बनून इंजिनाचा आवाज उचलते. फायबरच्या विमानात तळाशी पत्राच नसतो. तिथे आतून सुमारे ६० सेंटीमीटरच्या चार तांब्याच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवून अँटेनासाठी पत्र्याच्या जागी ‘जमीन’ तयार करावी लागते.

काम झाल्यावर

टाइप सर्टिफिकेट (विमानाच्या रचनेला नियामकाची मान्यता) असलेल्या विमानात यातलं बहुतेक काम परवानाधारक इंजिनिअरच्या सहीशिवाय करता येत नाही, आणि मोटारीचा फिल्टर किंवा बाजारातला कपॅसिटर तिथे चालत नाही. स्वतः ऐकणं, वाट शोधणं आणि ती नेमकी लिहून देणं एवढं मात्र वैमानिकाच्या हातात आहे. ‘रेडिओत आवाज येतो’ या नोंदीपेक्षा ‘उजव्या मॅग्नेटोवर, १,००० आरपीएमला सेकंदाला आठ टिचक्या, अँटेना काढली की बंद’ ही नोंद इंजिनिअरचा अख्खा दिवस वाचवते.

मॅग्नेटोच्या कामानंतर नेहमीची तपासणी: सेस्ना १७२ एन ला १,७०० आरपीएमवर प्रत्येक मॅग्नेटोला १२५ पेक्षा जास्त घट नको आणि दोघांत ५० पेक्षा जास्त फरक नको. एका बाजूला घट अजिबातच आली नाही तर खूश होऊ नका. तो मॅग्नेटो अर्थच होत नाहीये, म्हणजे पी-लीड जोडायची राहिली. शेवटी आयडलवर किल्ली क्षणभर ‘ऑफ’ करून इंजिन मरू लागतं ना ते पाहून लगेच परत ‘बोथ’.

आणि एवढं करूनही ठराविक एक-दोन वारंवारितांवरच अखंड गुणगुण राहिली, थ्रॉटल हलवला तरी तिचा सूर बदलत नसला, तर इंजिनाला दोष देणं सोडा. ठिणगी अशी एका जागी बसून राहत नाही. यूएसबीचा मोबाइल चार्जर उपटून पाहा, मग एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर.